कुठलं नागठाणे?

मध्यंतरी आठवीच्या वर्गात मी मुलांना एक खेळ दिला. घरात आग लागली आहे, तुम्ही कसेबसे बाहेर निसटलात, हातात आईचा फोन आहे, पण धुराने घसा धरलाय आणि तोंडातून शब्द फुटत नाही. ११२ ला संदेश पाठवायचाय. काय लिहाल? चिठ्ठीवर लिहा. वेळ दोन मिनिटं.

रात्री मागचं-पुढचं आवरल्यावर चिठ्ठ्या घेऊन बसले. ‘वाचवा वाचवा.’ ‘हेल्प मी प्लीज.’ ‘आमच्या घरी या, पप्पा कामावर गेलेत.’ एकीने नुसते तीन रडके चेहरे काढले होते. मग एका हुशार मुलाची चिठ्ठी हाती आली. मोत्यासारखं अक्षर, एकही चूक नाही : ‘नागठाण्यात आग लागली आहे. ताबडतोब बंब पाठवा.’ पैकीच्या पैकी देणार होते. पण माझं सासर साताऱ्याचं असलं तरी माहेर सांगलीचं. पेन हातातच राहिलं आणि मनात आलं, अरे बाळा, कुठलं नागठाणे?

सातारा तालुक्यात हायवेला लागून एक नागठाणे आहे. दुसरं कृष्णाकाठचं, पलूस तालुक्यातलं, बालगंधर्वांचं. दोन्हींच्या मध्ये अख्खा कराड तालुका. बरं, ‘बोरगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं’ असं म्हणून सुटका करून घ्यावी, तर बोरगाव इकडेही आहे आणि तिकडे वाळवा तालुक्यातही आहे!

आपण आपल्यात बोलताना ‘नागठाणे’ पुरतं, ‘मारुतीच्या देवळामागं’ पुरतं, कधी कधी तर ‘अण्णांच्या घरापाशी’ एवढंही पुरतं. पण ११२ चा फोन काही आपल्या गल्लीत वाजत नाही. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. तिचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि जोडीला दुसरं नागपुरात. तिथला माणूस हाक ऐकतो, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवतो आणि तिथून जवळची गाडी निघते. त्या बिचाऱ्याला आपले अण्णाही ठाऊक नाहीत आणि आपला मारुतीही. फोनवर बोलत असलो तर तो लगेच विचारेल, ‘कुठलं नागठाणे? तालुका कोणता?’ लिहिलेल्या संदेशाला मात्र मध्येच थांबवून विचारता येत नाही. त्याने परत लिहून विचारायचं, आपण ते वाचायचं, उत्तर द्यायचं, आणि तोवर आग थांबत नाही. म्हणून संदेश लिहिणाऱ्याला आधीच सगळं सांगून टाकावं लागतं.

पालकांनो, आज तुमच्याशी बोलायचंय ते याचसाठी. आपण मुलांच्या हातात फोन दिले. कुणी ऑनलाइन अभ्यासासाठी दिला, कुणी एसटीने लांबून येते म्हणून, कुणी नुसता हट्ट पुरवला. फोन कमी बघ, हे आपण दिवसातून दहा वेळा सांगतो. त्याच फोनवरून मदत कशी मागायची, हे कितींनी शिकवलं? मीही शिकवलं नव्हतं, म्हणून तुम्हाला बोल लावत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू या. बोलता येत असेल तर ११२ ला फोनच करायचा. पोलीस, बंब, रुग्णवाहिका, तिन्हींसाठी हा एकच आकडा. रुग्णवाहिकेसाठी २०१४ पासून १०८ आहेच, मुलांसाठी १०९८ आहे, आणि हायवेवर अपघात झाला तर १०३३. पण ११२ उभी करताना फोनसोबत एसएमएस, ईमेल, संकेतस्थळ आणि ‘११२ इंडिया’ हे अ‍ॅप अशा वाटाही ठेवल्या आहेत. मग मुलं विचारतात, ‘बाई, फोन असताना लिहायचं कशाला?’

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच वर्गातल्या एका मुलाने दिलं. तो बोलताना अडखळतो. घरच्यांशी बरा बोलतो, पण अनोळखी माणूस समोर आला की पहिलंच अक्षर अडकतं. फोन म्हटला की संपलंच. पलीकडचा माणूस दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो आणि ठेवून देतो. त्याच्या चिठ्ठीत गाव होतं, तालुका होता, जिल्हा होता, घराची खूण होती, आत आजी आहे हेही होतं. सगळ्या वर्गात पुरा पत्ता लिहिणारा तो एकटा. मी विचारलं, ‘तुला कसं सुचलं रे?’ तर म्हणाला, ‘मी ने-नेहमी आधी लिहूनच ब-बघतो.’ जे इतरांना खेळ म्हणून करायचं होतं, ते त्याचं रोजचं जगणं होतं.

त्याच्यासारखी माणसं आपल्या घराघरांत आहेत. ऐकू न येणारी बहीण, लकव्याने बोलणं गेलेले आजोबा, दम्याची उबळ आल्यावर एक शब्दही न फुटणारं लेकरू. आणखी एक प्रसंग आहे, जो आई-बापाला बोलायलाही नको वाटतो. घरात कुणी शिरलंय आणि मूल कपाटामागे दडलंय, किंवा चालत्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या मुलीला वाट भलतीकडे वळल्यासारखी वाटतेय. तिथे आवाज केला तर जिवावर बेतेल. तिथे बोटांनीच बोलायचं असतं, आणि त्याआधी फोन ‘सायलेंट’ करायचा असतो. नाहीतर मदतीचं उत्तर येईल आणि तेच घात करेल.

आपल्या बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका माणसाने फोन करून बोललेला निरोप गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम वाजतो. चोर आले, बिबट्या दिसला, पूर चढतोय, सगळा गाव जागा होतो. फार चांगली सोय आहे. पण ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्या हातात तो फोन नुसता थरथरतो. अशा घरी कुणी जाऊन उठवायचं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांत आधीच ठरलेलं असावं.

आता लिहिण्याचं दुसरं कारण. ते आपण सातारा-सांगलीकरांनी अंगावर काढलेलं आहे.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्याही वर गेलेलं. माझा भाऊ गावभागात राहतो. वीज गेली, फोन लागेना. मी साताऱ्यात बसून सारखी नंबर फिरवतेय आणि तीच ती बाई सांगतेय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. रात्री दोनच्या सुमाराला फोन किणकिणला. एक साधा एसएमएस : ‘गच्चीवर आहोत. ४ जण. आई ठीक. बॅटरी ६ टक्के, बंद करतोय.’ त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. पण त्या एका ओळीवर मी रात्र काढली. पुढे बोटीवाल्यांना सांगतानाही तीच ओळ कामाला आली : गच्ची, चार जण, त्यात एक म्हातारं माणूस.

कॉल लागत नव्हता तर संदेश कसा आला? बोलण्यासाठी दोन्ही टोकांना सलग रेंज लागते. साध्या एसएमएसला क्षणभराची पुरते. आपला फोन त्या वेळी रेंजबाहेर असेल, तर निरोप कंपनीकडे थांबून राहतो आणि संपर्क आला की हाती पडतो. त्याला इंटरनेटही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला लागतं. आपली मुलं व्हॉट्सअ‍ॅप म्हणजेच संदेश समजतात. साधा एसएमएस कुठून पाठवायचा, हे माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी तो रकाना बँकेच्या आणि रिचार्जच्या निरोपांसाठी असतो! तेव्हा पहिला धडा तिथून.

त्याच पुरात नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘अमुक घरात लोक अडकलेत, पुढे पाठवा’ असे निरोप नुसते फिरत होते. त्यावर ना तारीख, ना वेळ. माणसं केव्हाच बाहेर पडलेली, आणि निरोप दुसऱ्या दिवशीही मदत मागतोय. म्हणून मुलांना सांगा, ग्रुपवर टाकलं म्हणजे ११२ ला कळवलं असं होत नाही. स्टेटस ठेवलं म्हणजे तर मुळीच नाही.

२०२१ चा जुलै आठवा. पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते तुटलेले, फोन बंद, मदत पोचायलाच किती वेळ गेला. त्याआधी २०१८ च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींची बस दरीत गेली. महाबळेश्वरला सहलीला निघालेली माणसं. तीस गेली, वाचला एकच. तो दरी चढून वर रस्त्याला आला, तेव्हा जगाला कळलं. डोंगरात निरोप असाही पोचवावा लागतो. जिथे रेंजच नाही तिथे एसएमएसही मुका. म्हणून डोंगरात जाणाऱ्या मुलाने निघण्याआधीच कुठे जातोय, कोण बरोबर आहेत आणि किती वाजता परत येणार, हे लिहून ठेवायचं. हा संदेश संकटाच्या आधीचा आहे, आणि त्याला रेंजची भीक मागावी लागत नाही.

मग काय लिहायचं? मी मुलांना चार शब्द दिले : कुठे, काय, किती, कोण. याच क्रमाने. फोनची बॅटरी पहिल्या शब्दानंतर संपली, तरी ‘कुठे’ पोचलेलं असेल.

‘कुठे’ म्हणजे गाव, तालुका, जिल्हा आणि डोळ्याला दिसणारी एक पक्की खूण. शाळा, दूध डेअरी, पाण्याची टाकी. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड आणि आपण पुण्याकडे तोंड करून होतो की कोल्हापूरकडे. रस्त्याच्या दोन बाजूंमध्ये दुभाजक असतो, गाडी पलीकडून आली तर वळायला पुढे जावं लागतं.

‘काय’ म्हणजे आग, अपघात, साप चावला, कुणी बुडालं, कुणी मारतंय. एक-दोन शब्द बस. त्यावरून बंब पाठवायचा की रुग्णवाहिका, हे ठरतं.

‘किती’ला मुलं टाळाटाळ करतात. ‘बाई, एवढं कशाला?’ त्यांना मी ब्रह्मनाळ सांगितलं. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुका. पुरातून बाहेर पडायला जीव मुठीत धरून बसलेले लोक, आणि बोट एकच. पेलवेल त्याहून जास्त माणसं चढली आणि बोट उलटली. बायका होत्या, लेकरं होती. त्याबद्दल कुणा एकाला बोल लावायला मी बसलेली नाही. पण माणसं किती, हे आधी कळलं तर बोटी किती, हे ठरवता येतं, एवढं मुलांना समजलं. वर्ग गप्प झाला आणि मग सगळ्यांनी आकडा लिहिला.

‘कोण’ म्हणजे आपलं नाव. आणि बोलता येत नसेल तर तसं स्पष्ट : ‘बोलू शकत नाही, फोन करू नका.’

नागठाण्याच्या मुलाने चिठ्ठी परत लिहिली : ‘नागठाणे ता. सातारा, मारुती मंदिरामागे. घरात आग. ३ जण आत.’ मी त्याला अक्षरं मोजायला लावली. गंमत अशी की एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, पण मराठीत लिहिलं की फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, मधली जागा, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्याचा संदेश ५६ वर संपला. उरलेल्या १४ मध्ये त्याचं नाव मावलं. यापेक्षा लांब झालं तर फोन स्वतःच तुकडे करून पाठवतो, काळजी नको. पण सत्तरची शिस्त लावली की ‘प्लीज’, ‘लवकर’ आणि ‘वाचवा’ आपोआप गळतात. मराठीचा तास असूनही मी सांगितलं, अशा वेळी ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. मराठी, रोमन, जे बोटांना पटकन जमेल ते.

थोडं फोनबद्दल. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलमध्ये संकटात दाबायचं बटण असावं, असा नियम आहे. स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचं बटण झटपट तीनदा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. पण कंपनीगणिक यात फरक पडतो. म्हणून रविवारी मुलाला शेजारी बसवून सेटिंगमध्ये ही सोय शोधा. तिथेच घरच्या दोघा-तिघांचे नंबर घालता येतात, म्हणजे बटण दाबल्यावर त्यांना जागेसह निरोप जातो. सराव मात्र एकमेकांच्या फोनवर करायचा, ११२ वर नाही. खोटी हाक मारणं गुन्हा आहे, हे सांगा. पण ते सांगताना ‘खरी हाक चुकली तरी चालेल’ हेही लगोलग सांगा. धूर दिसला म्हणून कळवलं आणि निघाली शेकोटी, तर कुणी पोराला बेड्या घालत नाही. मुलाचा रिचार्ज संपू देऊ नका, नाहीतर साधा संदेश अडकू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, पाठवला म्हणजे पोचला असं धरायचं नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायचा, घरच्यांना पाठवायचा, जमेल तिथे ओरडायचं, शेजारचं दार वाजवायचं.

इंग्लंडमध्ये ९९९ ला एसएमएस पाठवायची सोय २००९ मध्ये सुरू झाली, मुख्यतः ऐकू-बोलू न शकणाऱ्यांसाठी. तिथे आपला नंबर आधीच नोंदवून ठेवावा लागतो. तिथलीही ताकीद हीच आहे, उत्तर येईपर्यंत निरोप पोचला असं समजू नका. संकट येण्याआधी तयारी करायची, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

उलट दिशेचा निरोप मात्र आपल्याकडे आता थेट येतो. २० जुलै २०२३ च्या सकाळी आमच्या शिक्षक-खोलीतले सगळे फोन एकदम किंचाळले होते. सरकारने घेतलेली इशाऱ्याची चाचणी होती ती. आदल्याच रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळलेली. त्यामुळे तो आवाज ऐकून काळजाचा ठोकाच चुकला. पण तो निरोप वरून खाली येणारा. खालून वर जाणारी हाक आपल्यालाच शिकावी लागेल.

इथवर सगळं सोपं आहे. पालक सभेत एवढं सांगितल्यावर टाळ्या मिळतात, चहा मिळतो. पण मला तुमच्याशी बोलायचं आहे ते याच्या पुढचं, आणि ते टाळ्यांचं नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात दहावीची पाच पोरं क्लास बुडवून परळी खोऱ्यातल्या एका ओढ्यावर गेली. एकाचा पाय घसरला, नडगीचं हाड मोडलं. पाचांपैकी तिघांकडे फोन होते. फोनला रेंजही होती. दीड तास त्यांनी कुणालाही कळवलं नाही. शेवटी गुरं राखणाऱ्या एका माणसाने पाहिलं आणि त्याने गावात फोन केला. मागाहून मी त्या पोरांना विचारलं, ‘अरे, फोन होता ना हातात?’ एकजण खाली बघत म्हणाला, ‘बाई, पप्पांना काय सांगायचं तेच ठरत नव्हतं.’

दीड तास ते पाय मोडलेल्या मित्राशेजारी बसून थाप रचत होते. रेंज होती, बॅटरी होती, आणि ११२ हा आकडाही पाठ होता. मध्ये उभे होतो आपण.

मुलाचा पहिला संदेश नवी मुंबईला जात नाही, तुमच्याकडे येतो. पुण्यात शिकणारी पोरगी असो, सांगलीत वसतिगृहावर राहणारा पोरगा असो, नाहीतर माझ्या वर्गातलं आठवीचं लेकरू. तो टाइप करण्याआधी ते मनातल्या मनात तुमचं उत्तर वाचून बघतं. ‘आता काय केलंस?’ ‘तुला सांगितलं होतं ना?’ ‘घरी ये, मग बघतो.’ यातलं एखादं उत्तर पाठ असेल, तर बोट फोनवरून मागे येतं. ११२ ला लिहिलं तर पोलीस घरी येतील, घरी कळेल, म्हणून तेही नको. आपल्या धाकाने मूल वळणावर राहतं हे खरं, पण अडल्या वेळी तोच धाक त्याचं तोंड बांधतो.

म्हणून आमच्या घरी एक करार आहे. माझ्या मुलाने ‘ये’ एवढं एकच अक्षर पाठवलं तरी मी निघायचं. वाटेत फोन करून चौकशी करायची नाही, पोचल्यावर लोकांसमोर बोलायचं नाही. रागवायचं ते दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. रागवणार नाही असं वचन मी दिलेलं नाही. ते मला पाळता आलं नसतं आणि त्याला खरंही वाटलं नसतं. पण आधी येणार, मग रागवणार, हा क्रम मी मोडणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. आजवर ते अक्षर दोनदा आलं. एकदा सायकल पंक्चर होती. एकदा पंक्चर नव्हती, आणि त्याबद्दल मी इथे सांगणार नाही, कारण ते त्याचं आहे.

सभेत हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून एका आईने विचारलं, ‘बाई, पोरांनी काय लिहायचं ते शिकवलंत. आम्ही उत्तरात काय लिहायचं?’

मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. चार शब्द मुलांसाठी, तर आई-बापांसाठी किती असावेत? आज रात्री जेवणं झाली की मुलाला म्हणा, समजा, तू अडकलायस, मला एक संदेश पाठव. कुठे, काय, किती, कोण, तपासून बघा. आणि मग तुमची पाळी. प्रश्न नको, उपदेश नको, सत्तर अक्षरंही नकोत :

‘निघालो. तिथंच थांब.’